आपल्या आमदाराचा निवडणूक इतिहास स्वतः कसा काढायचा: कोल्हापूरच्या दहा मतदारसंघांच्या उदाहरणासकट सविस्तर माहिती

कोल्हापुरात राजकारणावर बोलायला कुणाला निमित्त लागत नाही, दूध घालायला गेलेला माणूस पण डेअरीवर उभा राहून कुठल्या गटाचं काय चाललंय ते सांगून जातो. पण एखाद्या आमदाराची नेमकी कारकीर्द विचारली, म्हणजे पहिल्यांदा कधी उभा राहिला, कितव्या वेळी निवडून आला, कुणाकडून पडला, किती मतांनी, तेव्हा चिन्ह कुठलं होतं, तर दहातल्या आठ जणांची गाडी अडखळते. आणि मग जो मोठ्यानं बोलतो त्याचंच खरं धरलं जातं. हे मला मनापासून खटकतं, कारण ही सगळी माहिती सरकारी कागदात उघडी पडलेली आहे, मोबाईलवर मिळते, आणि शांतपणे बसलात तर एका आमदाराचं काम सुट्टीच्या एका दिवसात होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की नुसती जिंकलेल्या निवडणुकांची यादी म्हणजे कारकीर्द नाही. पराभव, मतांचा फरक, समोर कोण होतं आणि मतदारसंघाची हद्द कुठली होती, या चार गोष्टी शेजारी मांडल्या की मगच माणूस कळतो. आता ते कसं करायचं ते क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: तक्ता आखा

वही घ्या किंवा मोबाईलमधली शीट उघडा. एका ओळीत एक निवडणूक. रकाने असे करा: वर्ष, मतदारसंघाचं नाव आणि क्रमांक, पक्ष, चिन्ह, मिळालेली मतं, एकूण वैध मतं, नंबर कितवा, विजयी किंवा दुसऱ्या नंबरचा उमेदवार, त्याची मतं, फरक, आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना मोठा ठेवा, खरी गोष्ट तिथंच भरते. विधानसभेच्या वर्षांचा क्रम पाठ असला की बरं पडतं, महाराष्ट्र झाल्यावर १९६२, १९६७, १९७२, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९, २०२४. मधल्या पोटनिवडणुका वेगळ्या, त्या पुढं सांगतो.

नाव पूर्ण लिहा, वडिलांच्या नावासकट. आपल्या जिल्ह्यात हे फार गरजेचं आहे कारण पाटील आडनावाचे किती आमदार झाले बघा, सतेज पाटील, पी. एन. पाटील, के. पी. पाटील, सत्यजित पाटील, उल्हास पाटील, ऋतुराज पाटील, राजेश पाटील, शिवाजी पाटील. कागलला घाटगे दोन, कोल्हापूर उत्तरला २०२४ साली समोरासमोर दोन राजेश. निवडणूक आयोगाच्या जुन्या इंग्रजी अहवालात स्पेलिंग दर निवडणुकीला बदलतं, त्यामुळं एका स्पेलिंगनं शोधून सापडलं नाही म्हणून तो माणूस उभाच नव्हता असं धरू नका, मतदारसंघाचं पान उघडून सगळे उमेदवार डोळ्याखालून घाला.

दुसरी पायरी: हद्द तपासा, इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो

२००८ ला मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९ ची निवडणूक नवीन हद्दीवर झाली. त्याआधी आपल्या जिल्ह्यात बारा मतदारसंघ होते: शाहूवाडी, पन्हाळा, सांगरूळ, राधानगरी, कोल्हापूर, करवीर, इचलकरंजी, वडगाव, शिरोळ, कागल, गडहिंग्लज, चंदगड. आता दहा आहेत आणि त्यांचे क्रमांक २७१ ते २८०, चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर, शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ या क्रमानं. पन्हाळा, सांगरूळ, वडगाव आणि गडहिंग्लज ही नावं गेली, शहराचे उत्तर दक्षिण झाले.

आता घोळ कसा होतो बघा. सतेज पाटील २००४ ला अपक्ष उभे राहून दिग्विजय खानविलकरांचा पराभव करून करवीरमधून आमदार झाले. २००९ ला ते काँग्रेसकडून कोल्हापूर दक्षिणमधून निवडून आले. वरवर बघितलं तर वाटतं यांनी मतदारसंघ बदलला. पण जुना करवीर आणि नवा करवीर एक नाहीत. आजच्या करवीरमध्ये गगनबावडा तालुका आहे, पन्हाळ्याचा काही भाग आहे, करवीर तालुक्यातली सांगरूळकडची गावं आहेत, आणि शहराला लागून असलेली पाचगाव, उचगाव सारखी गावं दक्षिणला जोडली गेली. तसंच पी. एन. पाटील २००४ ला सांगरूळमधून आमदार झाले आणि २००९ पासून करवीरमधून लढले. विनय कोरे आधी पन्हाळ्याचे आमदार, मग शाहूवाडीचे. बाबासाहेब कुपेकर विधानसभेचे अध्यक्ष होते तेव्हा गडहिंग्लजचे आमदार, २००९ ला चंदगडचे. यातला कुणीही घर सोडून लांब गेला नाही, रेषा सरकल्या.

म्हणून २००४ आणि २००९ चे आकडे थेट शेजारी ठेवून मतं वाढली किंवा घटली असं लिहू नका. तक्त्यात त्या दोन ओळींच्या मध्ये जाड रेघ मारा. हद्दीची गावं, महसूल मंडलं आणि वॉर्ड यांची यादी पुनर्रचनेच्या २००८ च्या आदेशात आहे, आयोगाच्या साइटवर मिळते, तेवढी दोन पानं एकदा वाचाच.

तिसरी पायरी: निकाल उतरवून घ्या

निवडणूक आयोगाच्या साइटवर प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल असतो, अगदी पन्नासच्या दशकापासूनचा. त्यात मतदारसंघवार सगळ्या उमेदवारांची मतं, एकूण मतदार, झालेलं मतदान सगळं असतं. बातम्यांच्या साइटवरचे आकडे कधी शेवटच्या फेरीआधीचे असतात, त्यामुळं आधी अहवाल, मग बाकीचं.

उतरवताना फक्त पहिले दोन घेऊ नका, पहिले चार तरी घ्या. २०१४ चं साल घ्या, २५ सप्टेंबर २०१४ ला एकाच दिवशी भाजप शिवसेनेची युती पण तुटली आणि काँग्रेस राष्ट्रवादीची आघाडी पण तुटली, चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले, त्यामुळं त्या वर्षी मतं खूप विभागली. २०१९ ला परत युती, आघाडी आणि जोडीला बंडखोर. २०२४ ला पक्षच फुटलेले. प्रत्येक निवडणुकीत किती जण खरोखर लढतीत होते ते माहीत नसेल तर लीडच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

डिपॉझिटचं गणित पण इथंच लावा. विधानसभेला खुल्या उमेदवाराला १० हजार आणि अनुसूचित जाती जमातीच्या उमेदवाराला ५ हजार भरावे लागतात, आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर ते जप्त होतं. नोटाची, म्हणजे वरीलपैकी कुणीही नको अशी मतं या वैध मतांत धरत नाहीत. नोटा महाराष्ट्रात विधानसभेला २०१४ पासून आहे, त्याआधीच्या ओळींत तो रकाना रिकामा राहील.

आता करवीरचा तक्ता कसा बोलतो ते सांगतो, कारण हा मतदारसंघ अभ्यासाला फार भारी आहे, २०१९ ला आणि २०२४ ला राज्यात सगळ्यात जास्त मतदान इथंच झालंय, एकदा ८३ टक्क्यांवर आणि नंतर जवळपास ८५. २००९ ला चंद्रदीप नरके विरुद्ध पी. एन. पाटील, नरके विजयी. २०१४ ला परत हेच दोघं, दोघंही १ लाख ७ हजारांच्या घरात, आणि नरके जिंकले फक्त ७१० मतांनी. २०१९ ला तेच दोघं, पी. एन. १ लाख ३५ हजारांवर, नरके १ लाख १३ हजारांवर, म्हणजे पी. एन. २२ हजारांवर मतांनी जिंकले. इथं थांबून बघा, नरकेंची मतं २०१४ पेक्षा कमी झाली नव्हती, ती साधारण पाच हजारांनी वाढलीच होती, आणि तरी ते मोठ्या फरकानं पडले. लोकांनी नाकारलं असं एका वाक्यात लिहून टाकणं किती चुकीचं ठरलं असतं, बाकीच्या उमेदवारांकडं गेलेली मतं आणि नवीन मतदान मोठ्या प्रमाणात समोरच्याकडं वळलं हे खरं चित्र. मग मे २०२४ मध्ये पी. एन. पाटील गेले, नोव्हेंबरला त्यांचे चिरंजीव राहुल पाटील उभे राहिले, आणि नरके १,९७६ मतांनी जिंकले. चार निवडणुका, दोन घराणी, आणि त्यातल्या दोन लढतींचा निकाल दोन हजारांच्या आत. हे सगळं चार ओळींच्या तक्त्यात दिसतं.

शाहूवाडीत २०१४ ला याहून अटीतटीची झाली, सत्यजित पाटील सरूडकरांनी विनय कोरेंना ३८८ मतांनी पाडलं. २०१९ ला आणि २०२४ ला कोरे परत आले.

चौथी पायरी: फॉर्म २० वाचा

एवढ्या बारीक फरकाची निवडणूक कुठं फिरली हे बघायचं असेल तर फॉर्म २०, म्हणजे केंद्रवार निकालाचा तक्ता, त्याशिवाय पर्याय नाही. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर तो मतदारसंघवार मिळतो. डाव्या बाजूला मतदान केंद्राचा नंबर, पुढं प्रत्येक उमेदवाराला त्या केंद्रावर पडलेली मतं, मग एकूण वैध मतं, बाद मतं, नोटा, बेरीज. सगळ्यात शेवटी टपाली मतांची वेगळी ओळ असते, ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते आणि मग बेरीज जुळत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

अडचण अशी की फॉर्म २० वर फक्त केंद्राचा नंबर असतो, गावाचं नाव नसतं. त्यासाठी त्याच वर्षाची मतदान केंद्रांची यादी शेजारी उघडा, त्यात नंबरापुढं शाळेचं आणि गावाचं नाव असतं. त्याच वर्षाची म्हणतोय ते महत्त्वाचं आहे, कारण केंद्रांचे नंबर दर निवडणुकीला सरकतात, नवीन केंद्रं निघतात. बऱ्याच जुन्या फायली स्कॅन केलेल्या असतात, शोधून सापडत नाही, आकडे हातानंच उतरवावे लागतात. सगळी तीनशेच्या वरची केंद्रं उतरवायची गरज नाही, आपलं गाव, उमेदवाराचं गाव, प्रतिस्पर्ध्याचं गाव आणि तालुक्याचं मोठं गाव एवढी घ्या. एखाद्या नेत्याला त्याच्या स्वतःच्या गावात किती टक्के मिळतात आणि ते निवडणुकीगणिक कसे बदलतात हे बघितलं की भाषणातलं अर्धं वारं निघून जातं. इथं फॉर्म २० सारखा प्रामाणिक कागद मी दुसरा बघितला नाही.

पाचवी पायरी: शपथपत्र

उमेदवारी अर्जासोबत फॉर्म २६ चं शपथपत्र द्यावं लागतं, सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर हे सुरू झालं, त्यामुळं आपल्याकडं विधानसभेला २००४ पासूनची शपथपत्रं असतात. अलीकडची आयोगाच्या शपथपत्रांच्या साइटवर आहेत, आणि एडीआर संस्थेच्या मायनेता साइटवर मागच्या निवडणुकांचा गोषवारा आहे. गोषवाऱ्यावर भागवू नका, मूळ पानं उघडा.

तीन गोष्टी बघा. एक, गुन्हे: दाखल गुन्हा, आरोप निश्चित झालेला खटला आणि शिक्षा हे तीन वेगळे प्रकार आहेत. आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एकाच आकड्यात मोजणं हा अन्याय आहे, ऊस आंदोलनं झालेल्या या जिल्ह्यात तर नक्कीच, म्हणून कलम लिहून घ्या. दोन, मालमत्ता: स्वतःची, पत्नी किंवा पतीची, अवलंबितांची आणि एकत्र कुटुंबाची वेगवेगळ्या रकान्यात असते, दर निवडणुकीला तोच रकाना त्याच रकान्याशी ताडा. जमिनीची किंमत बाजारभावानं वाढते, त्यामुळं आकडा दुप्पट झाला म्हणजे लगेच काही काळंबेरं झालं असं नाही, आधी गट नंबर जुळवा, जमीन तीच आहे का नवीन घेतलीय ते कळतं. तीन, कर्ज आणि शेअर्स, कारण साखर कारखाना, सूतगिरणी, बँक, पतसंस्था इथले संबंध तिथं उघड होतात.

सहावी पायरी: पक्ष, चिन्ह आणि शेवटच्या दिवसाचे खेळ

पक्षाच्या रकान्यात तेव्हाचं नाव लिहा, आजचं नाही. हसन मुश्रीफ १९९९ पासून २०२४ पर्यंत सलग सहा वेळा कागलमधून निवडून आले, चिन्ह राष्ट्रवादीचं घड्याळच. पण जुलै २०२३ मध्ये ते अजित पवारांबरोबर गेले आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला आयोगानं पक्षाचं नाव आणि घड्याळ त्या गटाला दिलं, म्हणजे २०१९ चं घड्याळ आणि २०२४ चं घड्याळ यांच्यामागची माणसं बदललीत. समोर समरजितसिंह घाटगे २०१९ ला अपक्ष होते, २०२४ ला शरद पवार गटाची तुतारी घेऊन. २०१९ ला लढत तिरंगी होती, मुश्रीफांचं लीड २८ हजारांवर होतं, २०२४ ला सरळ लढत झाली आणि ते साडेअकरा हजारांच्या आसपास आलं. शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण १७ फेब्रुवारी २०२३ ला शिंदे गटाला मिळालं, त्यामुळं राजेश क्षीरसागर, प्रकाश आबिटकर, नरके यांच्या तक्त्यात चिन्ह तेच दिसेल, शेऱ्यात फूट लिहावी लागेल.

कोल्हापूर उत्तर २०२४ चा निकाल तर शेऱ्याशिवाय वाचूच नका. काँग्रेसनं आधी राजेश लाटकरांचं नाव जाहीर केलं, मग बदलून मधुरिमाराजेंना उमेदवारी दिली, त्यांनी ४ नोव्हेंबरला माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागं घेतला, आणि लाटकर अपक्ष म्हणून राहिले, काँग्रेसनं त्यांना पाठिंबा दिला. म्हणून त्या वर्षीच्या निकालपत्रात उत्तरमध्ये हाताचं चिन्हच नाही. वीस वर्षांनी कुणी नुसता अहवाल बघितला तर त्याला वाटेल काँग्रेस इथं लढलीच नाही. ही असली माहिती त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रात मिळते.

सातवी पायरी: पोटनिवडणुका

मुख्य वर्षांच्या अहवालात या नसतात, त्यामुळं यादीतून गळतात. उत्तरमध्ये २०१९ ला चंद्रकांत जाधव निवडून आले, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं, १२ एप्रिल २०२२ ला पोटनिवडणूक होऊन जयश्री जाधव भाजपच्या सत्यजित कदमांना हरवून आमदार झाल्या. चंदगडला कुपेकरांच्या निधनानंतर २०१३ मध्ये संध्यादेवी कुपेकर आल्या आणि २०१४ ला परत निवडून आल्या. करवीरला मात्र २०२४ मध्ये पोटनिवडणूक झाली नाही, कारण विधानसभेची मुदत एक वर्षापेक्षा कमी राहिली असेल तर सहा महिन्यांत निवडणूक घेण्याचं बंधन लागू होत नाही. अशा वेळी जागा रिकामी होती तो काळ पण नोंदवा.

आठवी पायरी: विधान परिषद आणि लोकसभा

विधानसभेला पडला म्हणजे आमदारकी गेली असं नसतं. सतेज पाटील २०१४ ला दक्षिणमध्ये अमल महाडिकांकडून पराभूत झाले, २०१५ च्या डिसेंबरात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून महादेवराव महाडिकांना हरवून विधान परिषदेवर गेले, २०२१ ला बिनविरोध. तिथं मतदार म्हणजे नगरसेवक, झेडपी सदस्य असे काही शेकडा लोक, त्यामुळं ती मतं विधानसभेच्या मतांच्या रकान्यात घालू नका, वेगळा तक्ता करा. दक्षिणमध्ये पुढं २०१९ ला ऋतुराज पाटील, २०२४ ला परत अमल महाडिक. चंद्रकांत पाटील मूळचे भुदरगड तालुक्यातले, पण परिषदेवर गेले पुणे पदवीधरमधून आणि विधानसभेला २०१९ मध्ये कोथरूडमधून, म्हणजे जिल्ह्याच्या दहा मतदारसंघांत शोधत बसलात तर सापडणारच नाहीत. लोकसभेला उभं राहून पडलेले आमदार पण बरेच, सरूडकर २०२४ ला हातकणंगले लोकसभा लढले आणि त्याच वर्षी शाहूवाडी विधानसभा.

नववी पायरी: गोकुळ, बँक, कारखाना

बाहेरचा माणूस विधानसभेपाशी थांबेल. कोल्हापूरच्या माणसानं थांबू नये. इथं आमदारकीची तयारी सेवा सोसायटी, दूध संस्था, झेडपी, बाजार समिती, जिल्हा बँक आणि गोकुळ या जिल्हा दूध संघात होते, आणि कोण कुणाबरोबर आहे ते पण तिथंच खरं कळतं. २०२१ ची गोकुळची निवडणूक बघा, एका पॅनेलमध्ये सतेज पाटील आणि मुश्रीफ, समोर महादेवराव महाडिक आणि पी. एन. पाटील. सतेज आणि पी. एन. दोघं काँग्रेसचे आमदार, आणि एकमेकांच्या विरोधात. २१ पैकी १७ जागा सतेज मुश्रीफ पॅनेलला मिळाल्या. पक्षाच्या रकान्यावरून हे कधीच कळलं नसतं. म्हणून तक्त्याला शेवटचा एक रकाना जोडा, गट. सहकारी संस्थांच्या निवडणुकांचे निकाल आयोगाच्या साइटवर नसतात, ते राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडं किंवा त्या संस्थेकडं असतात.

दहावी पायरी: जुनं शोधायचं असेल तर

रत्नाप्पाण्णा कुंभारांच्या काळातल्या निवडणुका किंवा शेकापचा, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा जोर होता तो काळ ऑनलाइन आकड्यांपलीकडं फारसा सापडत नाही. करवीर नगर वाचन मंदिर हे १८५० सालापासूनचं ग्रंथालय आहे, आणि शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर खर्डेकर ग्रंथालय आहे, तिथं जुने अंक बघायला मिळतात का आधी विचारून जा. जाताना तारखा लिहून न्या, मतदानाची, निकालाची आणि अर्ज माघारीची, नाहीतर गठ्ठ्यात दिवस जातो. विधिमंडळ सचिवालय दर विधानसभेला सदस्यांच्या परिचयाचं पुस्तक काढतं, त्यात शिक्षण, आधीची पदं असतात, पण ती माहिती सदस्यानं स्वतः दिलेली असते हे लक्षात ठेवून वापरा.

गावातल्या जुन्या कार्यकर्त्यांशी बोला, ते सोनं आहे. फक्त आकडा त्यांच्याकडून घेऊ नका, कारण घ्या. कोण कुणावर का नाराज झालं, कुठल्या गावानं ऐनवेळी का फिरवलं, हे तेच सांगतील. एकाच गोष्टीला दोन गटांचे दोन जण गाठा.

शेवटची पायरी: खर्च आणि माहिती अधिकार

निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडं द्यावा लागतो. विधानसभेची मर्यादा २०१४ ला २८ लाख होती, २०२० मध्ये ती वाढवून ३० लाख ८० हजार झाली आणि २०२२ पासून ४० लाख. हिशेब दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. साइटवर हिशेब किंवा जुना फॉर्म २० सापडला नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, फी १० रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो, झेरॉक्सला पानामागं २ रुपये. राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, त्यामुळं सगळी माहिती द्या असं मोघम लिहू नका, मतदारसंघाचा क्रमांक, वर्ष, उमेदवाराचं पूर्ण नाव आणि कागदाचं नाव एवढंच लिहा. दिलेल्या अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या आणि त्या तारखेपासून ३० दिवस मोजा. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील करायचं, त्यालाही परत ३० दिवसांची मुदत आहे, म्हणून तारीख वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.